पाझरणारे मीठ

पूर्वी हिमवंताच्या कुशीतल्या एका नगरात धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मेंढ्याच्या जन्माला आले होते. पुण्णक नावाच्या व्यापाऱ्याच्या कळपाचे ते म्होरके होते. पाठीवर मिठाच्या पिशव्या घेऊन तो कळप खिंड ओलांडीत असे, आणि म्होरक्याने पाऊल टाकल्याखेरीज एकही मेंढी हलत नसे.

एका भर हिवाळ्यात अवचित ऊब आली. दोन दिवस बर्फावर पाऊस पडला. पिशव्यांतून खारे पाणी ठिबकू लागले. वर्षभराचे कष्ट डोळ्यांदेखत पाझरताना पाहून पुण्णक कासावीस झाला. खिंडीपलीकडे कोरडी धर्मशाळा होती. मध्ये फक्त एक पांढरा उतार. सकाळीच त्याने कळप हाकलला. उताराच्या कडेला येताच बोधिसत्त्व खाली बसले.

"बोटं झडायची थंडी होती तेव्हा धावलास, आणि आता ऊब आली तर बसतोस?" पुण्णकाने काठी हाणली.

"अहो, मारू नका. त्याला काहीतरी कळतंय," त्याची बायको उप्पला म्हणाली.

"मग उद्यापासून त्यालाच दुकानात बसव. मी ओझं वाहतो!"

तेव्हा बोधिसत्त्व बोलले, "धनी, थंडीत बर्फ डोंगराला धरून असतो. काल रात्री तो गोठलाच नाही. आतून पाणी वाहतंय. आमच्या भाराने सगळा उतार सुटेल."

"आणि माझं मीठ?"

"जाईल."

पुण्णकाचा तोल सुटला. त्याने सुरा उपसला. बोधिसत्त्वांनी मान पुढे केली.

"कापा, धनी. मी नसलो की कळप इथून हलणार नाही. मग तुम्हाला थांबावंच लागेल, आणि तुम्ही सगळे वाचाल."

सुरा हवेतच राहिला. मारणाऱ्याच्याच जिवाची काळजी करणारा कोणी पुण्णकाने आजवर पाहिला नव्हता. त्याने कळप मागे वळवला आणि कातळाच्या आडोशाला नेला.

दुपारी डोंगर घुमला. सारा उतार एका दमात दरीत गेला. वाट उरलीच नाही. हसू की रडू, पुण्णकाला कळेना. त्या संध्याकाळची पेज भलतीच खारट झाली होती, तरी त्याने दोनदा मागून घेतली. चौथ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. बर्फ दगडासारखा झाला, तेव्हा बोधिसत्त्व आपणहून उठले आणि कळपाला त्या घट्ट बर्फावरून खिंडीपलीकडे घेऊन गेले.

कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्खूंकडे पाहिले. "तो पुण्णक म्हणजे काल पुरात नदी ओलांडायला निघालेला हा तरुण भिक्खू. उप्पला म्हणजे त्याला काठावरून हाका मारणारी उपासिका. मेंढा मी होतो. काठी उगारणाऱ्याचाही जीव आपला मानणे, यालाच मैत्री म्हणतात."