पोशानं मासळी राखली

वाघखोलच्या कोळीवाड्यात पोशा नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं दांडगा. भरलेली टोपली एका हातानं उचलायचा. डोक्याचं मात्र असं, की कानात शिरलेलं जसंच्या तसं आत बसायचं आणि नको तिथं बाहेर यायचं.

पोशाला आईबाप नव्हते. मामानं वाढवलेला. मामा म्हणजे गोमा नाखवा, दोन होड्यांचा धनी आणि मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. पोशाला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे होडीवर जागा. त्याच्या वयाचे सगळे खोल समुद्र बघून आले होते. हा अजून धक्क्यावर मासळी निवडत बसायचा.

"मामा, मला कधी नेशील?"

"एक काम धड करून दाखव, मग नेतो."

त्या वर्षी जाळी हलकी येऊ लागली. मासळी कुठं गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सगळ्यांनी ती खाल्ली नि विकली होती. मग सोसायटीनं नियम केले आणि मामानं धक्क्यावर झकास निळी पाटी रंगवून लावली. पहिला नियम असा, की वितीपेक्षा लहान मासा किनाऱ्यावर उतरवायचा नाही, परत समुद्रात सोडायचा.

एके सकाळी मामाची होडी धक्क्याला लागली. जाळ्यातून विती­पेक्षा लहान मासे ढिगानं निघाले. मामानं ते फावड्यानं पाण्यात लोटले.

"मामा, हे पोहत नाहीत. उताणे झालेत."

"त्यांचं ते बघतील. आपण नियम पाळला. तूही पाळ. लहान दिसला की सोडायचा पाण्यात."

"बरं. तसंच करीन," पोशा म्हणाला.

घरी जाताना वाळूत मामीनं जवळा वाळत घातलेला दिसला. पावसाळ्याची बेगमी. पोशानं एक-दोन मापून पाहिले. वीत सोडा, नखाएवढाही एक नव्हता. त्यानं सगळा जवळा गोळा केला आणि लाटेत सोडला. जवळा पाण्यावर तरंगत राहिला. पोशानं त्याला थोडा वेळ दिला.

मामी धावत आली. "मेल्या, माझा जवळा कुठाय?"

"सोडला. पोहत नाहीये अजून. पण त्याचं तो बघेल, मामी. आपण नियम पाळला."

मामी जे बोलली ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

मामानं कपाळाला हात लावला. "अरे पोशा, नियम एवढा सरळ नसतो. आता दुसरा नियम ऐक. प्रत्येक होडीला टोपल्या ठरवून दिल्यात. त्याहून जास्त आणायच्या नाहीत."

"मग टोपल्या भरल्या की घरी यायचं?"

"घरी कशाला येतोस? पुढं जायचं. पुढं भारी माल मिळाला, की टोपलीतला हलका माल फेकायचा आणि भारी भरायचा. टोपल्या तेवढ्याच राहतात."

"आणि फेकलेला?"

"फेकलेला कोण मोजतो?"

"बरं. तसंच करीन," पोशा म्हणाला.

दुपारी मामीनं त्याला अंगणवाडीतून नातीला आणायला पाठवलं. नात बेबी, काडीसारखी. पोशानं तिला खांद्यावर घेतलं आणि निघाला. वाटेत देवळाच्या पायरीवर शेजारच्या मेहेरांचा गोट्या बसला होता. गोट्या म्हणजे भरलेलं भांडं. पोशानं बेबीला पायरीवर उतरवलं, गोट्याला उचललं आणि घरी आणलं.

मामी दारात उभी. "हा कोण?"

"गोट्या."

"बेबी कुठाय?"

"बेबी हलकी होती. वाटेत हा भारी मिळाला. आणायचं एकच होतं, मग बेबीला फेकलं. म्हणजे हळूच फेकलं, पायरीवर."

मामी अनवाणीच देवळाकडे पळाली. बेबी पायरीवर बसून पुजाऱ्याचे फुटाणे खात होती. इकडे गोट्याची आई येऊन गोट्या परत मागत होती, आणि गोट्या जायला तयार नव्हता, कारण मामीच्या घरी करंज्या होत्या.

"पोशा," मामी धापा टाकत म्हणाली, "नीट ऐक. जे हाताला लागलं ते सगळं घरी आणायचं. लहान असो, मोठं असो, रडकं असो. वाटेत काही म्हणजे काही टाकायचं नाही."

"बरं मामी. तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी मामानं त्याला जाळं झाडायला पाठवलं. धक्क्याखाली रात्रभर लावून ठेवलेलं जाळं. पोशा दिवसभर खेपा घालत होता. संध्याकाळी मामीनं स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. चुलीपर्यंत ढीग. शेवाळ, जेलीफिश, मोडके खेकडे, एक चप्पल, बाटल्या. आणि सगळ्यात जास्त मासे. वितीहून लहान, उताणे, सडायला लागलेले. मामानं फावड्यानं लोटले होते तेच. भरतीनं ते परत आणून जाळ्यात घातले होते.

"सगळं घरी आणलं," पोशा म्हणाला. "काही म्हणजे काही टाकलं नाही."

मामा आत आला. त्यानं ढिगाकडे पाहिलं. मग अंगणातल्या, विकायच्या मासळीच्या टोपल्यांकडे पाहिलं. ढीग मोठा होता.

मामानं दार लावून घेतलं, कारण उद्या साहेब येणार होते.

साहेब म्हणजे मासळीखात्याचे मोठे साहेब. वाघखोल बंदरानं मासळी राखली म्हणून गोमा नाखव्याचा ते सत्कार करणार होते. ढाल देणार होते. नाखवाही साहेबांचा सत्कार करणार होता. मग जेवण.

"पोशा," मामा म्हणाला, "उद्या तू काही आणू नकोस, काही टाकू नकोस. डोकं तर अजिबात चालवू नकोस. मी भाषणात जे सांगेन ते कान देऊन ऐक आणि तेवढंच कर. उद्याचा दिवस धड गेला, तर परवा तू होडीवर."

"खरंच, मामा?"

"समुद्राची शपथ."

पोशाला झोप लागेना.

धक्क्यावर मांडव पडला. भरती चढत होती. साहेब आले, हार झाला, शाल झाली, ढाल दिली, नारळ घेतला. मामा भाषणाला उभा राहिला. पोशा पहिल्या रांगेत कान देऊन बसला.

"बंधुभगिनींनो," मामा म्हणाला, "ज्या जिवाच्या पोटात अंडी असतील त्याला मी कधी धक्का लावत नाही. असा जीव दिसला, की मी त्याला दोन्ही हातांनी उचलतो आणि अलगद समुद्रात सोडतो. का? तर त्याच्या पोटात आपल्या बंदराचा उद्या असतो. तो अंडी घालेपर्यंत त्याच्यावर जाळं टाकणं म्हणजे पाप आहे."

टाळ्या पडल्या. साहेबांनी डोळे पुसले. पोशानं मनात सगळं घोकलं. दोन्ही हातांनी. अलगद. जाळं टाकायचं नाही.

मग पानं मांडली. तळहाताएवढी तळलेली पापलेटं आली. मागोमाग गाभोळी आली, म्हणजे माशांची अंडी, मसाला लावून कुरकुरीत तळलेली, परात भरून. साहेबांना गाभोळी फार आवडायची. ते खात गेले, मामी वाढत गेली. परात संपली. दुसरी आली.

"पुरे, वहिनी, पुरे," साहेब पोटावरून हात फिरवत म्हणाले. "नाखवा, आता या पोटात अंड्यांशिवाय काही नाही बघा. लाखभर तरी असतील."

पोशा वाढता वाढता थांबला. त्यानं साहेबांच्या पोटाकडे पाहिलं. पोट खरोखरच भरलेलं होतं.

त्यानं हातातलं ताट खाली ठेवलं. हात धुतले. साहेबांना शालीसकट, हारासकट दोन्ही हातांनी उचललं. साहेबांना वाटलं, हाही सत्काराचाच भाग असावा. त्यांनी लोकांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोशा धक्क्याच्या टोकाला गेला, वाकला आणि साहेबांना अलगद समुद्रात सोडलं.

साहेबांनी समुद्रावर पुष्कळ लिहिलं होतं. पोहणं त्यात नव्हतं.

टाळ्या थांबल्या. मामाच्या हातून ढाल पडली. "पोशा, होडी सोड," तो ओरडला. "बस आत. मार वल्ही."

पोशा होडीत बसला. जन्मात पहिल्यांदा. त्याचं ऊर भरून आलं. एवढा जोर कुणी कधी लावला नसेल असा त्यानं वल्ह्यांना लावला. मामानं सांगितलेलं एक काम धड झालं होतं, आणि परवाची होडी आजच मिळाली होती.

साहेब एकदा वर, एकदा खाली. हार वेगळा तरंगत होता. मामा पुढं उभा राहिला, होडीतलं जाळं उचललं आणि साहेबांना धरायला मिळावं म्हणून फेकायला हात मागं घेतला.

पोशानं वल्ही सोडली आणि मामाचा हात घट्ट धरला.

"थांब, मामा," तो हळू आवाजात म्हणाला. "पाप लागेल. आधी साहेबांना अंडी घालू दे."