बुवांच्या ट्रकचं मीटर

“मग आता काय म्हणता, बुवा? बघा तरी काटा कुठं आहे!”

रणधीर ट्रकच्या केबिनमध्ये बसून बोलत होता. इंजिन चालू होतं. स्टिअरिंगच्या बाजूला त्यानं स्वतः बसवलेलं ऑइल प्रेशरचं मीटर होतं आणि त्याचा काटा ताठ वर उभा होता.

भैरवपुरी बुवा खाली उभे होते. त्यांनी मीटरकडे पाहिलं नाही. रणधीरकडे पाहिलं.

“काल कुठं होता?”

“काल... जरा खाली होता.”

ट्रक मठाचा. म्हातारा. उन्हाळ्यात त्याच्यावर पाण्याची टाकी चढवायची आणि घाट चढून पठारावरच्या वाडीला पाणी पोचवायचं, हे मठाचं व्रत. बुवा मठात येण्याआधी सैन्यात गाड्या चालवायचे, त्यामुळे घाटात स्टिअरिंग आजवर त्यांनीच धरलं. आता गुडघे ऐकत नव्हते. रणधीर इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मठात राहायला आला होता. त्याला ती जागा हवी होती. आजच्याच खेपेपासून.

मीटरची कल्पना त्याचीच. ऑइलचा दाब पार गेला की पेटणारा कंपनीचा लाल दिवा त्याला मान्य नव्हता.

“दिवा इंजिन मेल्यावर सांगतो, बुवा,” तो म्हणाला होता. “मला आधी कळायला हवं. घाटात इंजिन जाम झालं तर ब्रेकची हवा भरायची थांबते, स्टिअरिंग हाताला जड होतं. वर पाण्याचं ओझं.”

“बसव,” बुवा म्हणाले होते.

त्यानं बसवलं. इंजिनाच्या अंगावर, दिव्याची वायर जिथं जाते तिथंच, तीन तोंडांचा एक जोड बसवला आणि बारीक तांब्याची नळी केबिनपर्यंत आणली. कुठं थेंबभर गळती नाही. काम चोख होतं, बुवांनीही तसं म्हटलं.

पण इंजिन तापलं की काटा खाली बसायला लागला. मठात चेष्टा सुरू झाली. रणधीरचं मीटर जेवण झाल्यावर झोपतं, म्हणे...

“आज वर कसा गेला?” बुवांनी विचारलं.

“ऑइल बदललं. जाड घातलं. वरून ते आणखी घट्ट करणाऱ्या औषधाची एक बाटली ओतली.”

“का?”

“काटा पडत होता म्हणून!”

बुवांनी केबिनच्या दाराला हात घातला.

“बंद कर इंजिन.”

रणधीरनं बंद केलं. काटा शून्यावर आला. बुवा कण्हत केबिनमध्ये चढले, मीटरची कडी फिरवली, काच काढून मांडीवर ठेवली. मग बोटाच्या टोकानं काटा पार शेवटच्या आकड्यावर नेला आणि तिथंच धरून बसले.

“आता?”

“आता काय?”

“मघापेक्षा वर आहे. निघायचं?”

रणधीर हसला. “बुवा, इंजिन बंद आहे. काटा तुमच्या बोटानं वर गेलाय.”

“आणि मघाशी?”

हसू जरा वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग गेलं.

जाड ऑइल बारीक फटीत लवकर शिरत नाही. वाट अडली की दाब वाढतो, आणि पुढं बेअरिंगं कोरडी राहतात. रणधीरला हे ठाऊक होतं. त्यानं हे परीक्षेत लिहिलं होतं.

तेवढ्यात सोनाक्का आली. वाडीची. दुधाच्या जीपमधून घाट उतरून पाण्याची चौकशी करायला आली होती.

“निघायचं का न्हाई? हंडे मांडून बाया बसल्यात वर.” तिनं रणधीरकडे बोट केलं. “हा म्हणला, आता मीटर हाय, डोळं मिटून गाडी आणतो. म्या म्हणलं, बाबा, उघडंच ठेव.”

“आक्का, थोडं थांबा,” रणधीर म्हणाला, आणि ट्रकखाली शिरला.

त्यानं जाड ऑइल सगळं काढलं. कोठीतून कंपनीनं सांगितलेल्या ऑइलचा कॅन आणला, मापानं भरला. बुवांनी हात लावला नाही. ते केबिनमध्येच बसून राहिले, मांडीवर काच घेऊन.

इंजिन सुरू झालं. काटा वर गेला.

“चढला की! चला,” सोनाक्का म्हणाली.

“थांबा. गार इंजिनाचा काटा वरच असतो.”

इंजिन तापू लागलं. काटा उतरू लागला. थोडा उतरणारच होता, त्याची रणधीरला भीती नव्हती. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. आता काटा उठायला हवा होता.

काटा थरथरला. वर गेला नाही.

त्यानं पुन्हा दाबला.

पुन्हा तेच...

त्यानं बुवांकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघतोस?”

रणधीरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि सोनाक्कापुढं उभा राहिला.

“आक्का, ट्रक आज येणार नाही. आतली बेअरिंगं झिजलीत, फटी रुंद झाल्यात, ऑइलचा दाब टिकत नाही. चढावर इंजिन अडकलं तर गाडी मागं जाईल, आणि खालच्या वळणावर शाळा आहे.”

“आन् पाणी?”

“खालच्या गावातला टँकरवाला ट्रॅक्टर मी आत्ता जाऊन आणतो. सोबत येतो. संध्याकाळपर्यंत पाणी वर येईल. थोडं थोडं येईल, पण येईल.”

“थोडं थोडं!” सोनाक्कानं पदर कमरेला खोचला. “परवापर्यंत गुमान चालत होता की ह्यो. तू त्याला मीटर लावलंस आन् आजारी पाडलंस!”

“आजारी आधीच होता, आक्का. मीटर खरं तेच सांगत होतं. त्याचं तोंड मी दाबलं.”

सोनाक्का केबिनकडे वळली.

“बुवा, एवढं शिकलेलं पोरगं तुमच्याकडं ऱ्हातंय. हा गाडी चालवणार तरी कवा?”

बुवांनी काच जागेवर बसवली, कडी आवळली.

“आज चालवली की त्यानं.”