निहालीचा तिसरा घडा

फार मागे, पार उत्तरेला, पंजाबात एकदा काय झालं, सतलज नदीने आपली वाट बदलली.

तिकडे दोन नद्यांच्या मधल्या जमिनीला दोआब म्हणतात. एका अंगाला बियास, दुसऱ्या अंगाला सतलज, आणि मध्ये उसाची, गव्हाची काळी-पिवळी जमीन. एक परका राजा दुनिया जिंकत आला, तोही बियासच्या काठावरून माघारी गेला. राजे आले, गेले. शीव मात्र कुठल्या राजाने आखली नाही. ती आखायची नदी. नदीची खोल धार वाहील ती शीव. उत्तरेचा काठ दोआबच्या राण्याचा, दक्षिणेचा काठ माळव्याच्या सरदाराचा.

सतलजच्या उत्तर काठावर तूतांवाली नावाचं गाव होतं. तूत म्हणजे तुती. दारोदारी तुतीची झाडं, पोरांची तोंडं उन्हाळाभर जांभळी. तिथे निहाली कुंभारीण राहायची. सगळं गाव तिला बेबे म्हणायचं. बेबे म्हणजे आई.

त्या वर्षी सतलजला दोन फाटे फुटले. जुना फाटा गावाच्या दक्षिणेला, नवा उत्तरेला. गाव मधोमध. आता खरी नदी कुठली? त्याची रीत होती, बरं का. फाट्याच्या तोंडाशी तीन दिवस तीन घडे सोडायचे. तिन्ही घडे ज्या फाट्याने जातील तो फाटा खरा. मग नव्या मालकाने त्या धारेत छातीभर पाण्यात उभं राहून ओंजळ भरायची. ओंजळ भरली की जमीन त्याची.

आणि माळव्याच्या सरदाराने आधीच सांगून ठेवलं होतं, "गाव माझ्याकडे आलं तर घरं पाडीन. मला घोड्यांना कुरण पाहिजे."

निहालीने घडवलेला पहिला घडा सोडला. तो नव्या फाट्याने गेला. दुसरा सोडला. तोही नव्यानेच गेला, म्हणजे गाव माळव्याकडे जायला लागलं.

मग गावचा चौधरी दित्ता निहालीच्या चाकाशी येऊन बसला.

"बेबे, तुझा हात म्हातारा झाला. घडे भलतीकडे जातात."

"हात म्हातारा असता तर घडे बुडाले असते."

"बरं, बरं. तिसऱ्याचं पोट एका बाजूला जाड कर. जुन्या फाट्याकडे झुकेल. कोणाला कळतंय?"

निहालीने अंगणातल्या तुतीकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याने लावलेली. त्या झाडाखाली तिची लेक रांगली, आणि त्याच झाडाखालून सासरी गेली, उत्तरेला, नव्या फाट्यापलीकडे. निहालीने चाक फिरवलं. घड्याचं पोट एका बाजूला जाड केलं. हाताने चाचपून पाहिलं. आणि एका बुक्कीत मोडून टाकलं.

"चाळीस वर्षांत वाकडा घडा दिला नाही," ती म्हणाली. "ऊठ, दित्त्या. मला काम करू दे."

तिसरा घडा सरळ होता. तो नव्या फाट्याने गेला. गावात चूल पेटली नाही. दित्ता तिच्याशी बोलेना.

निहाली एकटी नव्या धारेशी गेली. तेव्हा पाण्यातून नदीचा आवाज आला.

"निहाले, राजांनी वाकडे घडे सोडून मला फसवलं. तू फसवू शकत होतीस, फसवलं नाहीस. काय हवं ते माग. फक्त परत फीर म्हणू नकोस. मी मागे फिरत नाही."

"जातेस तर जा," निहाली म्हणाली. "पण माझ्या गावाशेजारून हळू जा. लेक पलीकडे दिलीय. तिला लेकरू कडेवर घेऊन पायी येता यावं."

"एवढंच?"

"मला एवढंच पुरतं."

मग जुना फाटा आटला. सरदार घोड्यावर बसून आला. घरं पाडायला कुदळवाली पन्नास माणसं बरोबर. आधी ओंजळ भरायची म्हणून तो नव्या धारेत उतरला. पाणी घोट्याला. गावाच्या वरच्या टोकाला गेला. पाणी घोट्याला. मग खालच्या टोकाला गेला. तिथेही घोट्यालाच. नदी आपली गावभर अंग पसरून संथ चालली होती.

सरदाराला आला राग. तो पाण्यात फतकल मारून बसला. तरी पाणी कंबरेच्या वर येईना. मग तो आडवा झाला.

"सरदारजी, रीत उभ्याने भरायची आहे," निहाली काठावरून म्हणाली. "आडव्याने तर आमच्या म्हशीही भरतात."

त्याचीच माणसं हसली. सरदार गोरामोरा झाला. पण रीत त्याच्या पणजोबाची होती, ती कशी मोडणार? भिजलेल्या पगडीने तो घोड्यावर चढला आणि गेला. पुढे दोआबचा राणाही येऊन पाहून गेला. त्यालाही छातीभर पाणी मिळालं नाही, म्हणून गाव कुणाचंच झालं नाही.

तूतांवाली तिथेच राहिली. दित्ता दुसऱ्या सकाळी आला, खाली मान घालून निहालीची माती मळू लागला. तिने फक्त पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

आणि तुती पिकल्या की निहालीची लेक यायची. जोडे हातात, लेकरू कडेवर, चुबुक चुबुक पाणी तुडवत. निहाली काठावर उभी असायची.

सगळी सुखात राहिली. आता डोळे मिटा. नदीही हळू चाललीय.