पाटी कुठाय?

देवाशपथ सांगतो, ही फार जुनी गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. घडली तेव्हा माझा आजाही जन्मला नव्हता, ते सोडा.

कासवीणबाईंनी पिल्लांच्या बारशासाठी उदमांजराच्या दुकानातून जांभळांची करंडी नेली. वरचा थर टपोरा, खाली सगळी किडकी! परवावर बारसं आलेलं, म्हणून बाई तशाच माघारी आल्या.

"पाटी वाचा की! विकलेला माल परत घेत नाही," झाडाच्या शेंड्याकडे बोट करून उदमांजर म्हणालं.

"भाऊ, माझी मान पोचते का तिथवर?"

बाईंनी जंगलाच्या दरबारात तक्रार केली. दरबाराने ग्राहक कायद्यात एवढीशी दुरुस्ती केली: पाटी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर हवी, नसेल तर माल बदलून द्यावा. उदमांजराने लगेच पाटी उतरवून बाईंच्या नाकासमोर रोवली.

"दिसली ना? मग निघा आता."

बाईंनी करंडी मागे उभ्या असलेल्या हत्तीपुढे सरकवली. "मामा, ही तुम्हाला दिली. आता गिऱ्हाईक तुम्ही."

हत्तीने समोर पाहिलं. "पाटी? कुठाय पाटी?"

उदमांजराने करंडीत ताजी जांभळं भरली.

यातला हत्ती तेवढा माझ्या पदरचा. बाकी सगळं खरं. बाई अजून किडक्या जांभळांची करंडी घेऊन दुकानासमोर उभ्या आहेत. पिल्लांची लग्नं जमली, बारसं तेवढं व्हायचंय.