तळसईचे पाठमोरे

ही समोर दिसते ती वाट. करवंदीच्या जाळ्यांतून वर गेलेली, पुढे धुक्यात शिरलेली. गाडीरस्ता पलीकडून झाला, तेव्हापासून हिच्यावर गवत माजलं आहे. तुम्ही घाटमाथ्यावरून आलात, म्हणजे वरच्या चहावाल्याने हसून विचारलं असणार, "पाठमोऱ्यांकडं चाललात काय?" तळसई खोऱ्यातल्या चारही गावांना घाटावर हेच नाव आहे. नव्या माणसाला वाटतं, कुठल्या तरी लढाईत हे लोक पाठ दाखवून पळाले असतील. आम्ही वाद घालत नाही. पण बसलाच आहात, तर माझ्या थोरल्या चुलत्यांनी मला सांगितलं तसं सांगतो.

त्या काळी खोऱ्यात धान्य जेमतेम पिकायचं. खाडीवरचं मीठ डोक्यावर घेऊन लोक या वाटेने चढत आणि वरून नाचणी, वरी घेऊन उतरत. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. वाट अशी अरुंद की माणसामागे माणूस, वीस-बावीस जणांची रांग लागायची.

एका फाल्गुनात, म्हणे, या वाटेवर वाघ आला. तो कुणाला दिसला नाही. एकदाही डरकाळला नाही. रांग माथ्यावर पोचली की एक माणूस कमी भरायचा, आणि तो नेहमी शेवटचा. शोधायला मागे गेलं की वाटेवर मिठाची पाटी सापडायची. उपडी नाही, सांडलेली नाही. कुणी हाताने उतरवून ठेवावी तशी सरळ. पहिल्यांदा गुणाजी गेला. मग तान्या बुरूड.

तिसरा राघू. त्याची बायको लाडी त्याच्या पुढेच चालत होती. घर शाकारायचं चाललं होतं तिच्या डोक्यात. पेंढा कुणाकडून आणायचा, कुठला वासा बदलायचा, असं ती बोलत होती आणि राघू मागून "हूं" म्हणत होता. मग "हूं" थांबलं. दमला असेल, असं समजून ती बोलतच राहिली. किती पावलं बोलत राहिली, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मागे वळली तेव्हा वाट रिकामी होती.

खरं तर त्या दिवशी शेवटी होता राघूचा धाकटा भाऊ, म्हादू. खिंडीच्या अलीकडे वाट जराशी रुंद होते, तिथे भीतीने तो भावाला आणि लाडीला ओलांडून पुढे घुसला होता. लाडीने ते पाहिलं होतं. ती कुणाला काही बोलली नाही.

त्यानंतर कुणी वर जाईना. वैशाख सरत आला. एकदा पाऊस लागला की घाट चार महिने बंद, आणि घरोघरच्या कणग्या रिकाम्या. लोक कडू कंद उकडून खात होते. एक तान्हं मूल गेलं, कारण आईलाच दूध नव्हतं. शेवटी सगळे घाटजाईच्या देवळापुढे जमले. जायचं हे ठरलं, पण शेवटी कोण, असं विचारताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

लाडी उठली. "शेवटी मी चालते. पण त्याला पाठ नाय दावणार. त्याच्याकडं तोंड करून चढेन."

देवीचे पुजारी विठू गुरव म्हणाले, "पोरी, उलटी चढलीस तर दरीत जाशील."

"माज्या कमरेला दोर बांधा. म्होरला सांगंल तिथं पाय ठेवीन."

"आणि म्होरं कोण ऱ्हाईल?"

लाडीने म्हादूकडे बोट केलं. तो नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर रांग निघाली. म्हादूने दोर मुठीला गुंडाळला होता. "पायरी," तो सांगे. "डावीकडं. आता सुटा दगड हाय." लाडी टाच टेकवून चाचपायची, मग अंगाचा भार टाकायची. खिंडीत शिरताच धुकं खाली आलं आणि तिला तो दिसला. वीस हातांवर, वाटेच्या मधोमध. ती एक पाऊल मागे गेली की तो एक पाऊल पुढे येई. ती थांबली की तो बसे. तिने डोळ्याचं पातं लवू दिलं नाही, असं सांगतात. हळू आवाजात ती एवढंच म्हणाली, "म्हादू, आलाय."

दोर थरथरला. तो सोडून पळणं म्हादूला सोपं होतं. एकदा तो पळालाही होता. पण या वेळी तो वळला आणि लाडीच्या पाठीशी, वाघाकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पुढच्याने मागे पाहिलं आणि तोही वळला. मग त्याच्या पुढचा. अशी सगळी रांग वळली. डोक्यावर मीठ, पाठीशी न दिसणारी वाट आणि समोर वाघ, अशी बावीस माणसं एकमेकांचे पंचे घट्ट धरून खिंड उलटी चढली. खाली दगड निसटायचे, तेवढाच आवाज.

माथ्यावरच्या बाजारात लोकांनी पाहिलं, धुक्यातून नुसत्या पाठी वर येताहेत. भुतं आली म्हणून त्यांनी दारं लावून घेतली. ते नाव तिथलं.

वाघ खिंडीच्या तोंडाशी बसून राहिला. माथ्यावर आल्यावर म्हादू लाडीच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले. "पुढल्या खेपेला शेवटी तू," ती म्हणाली. आणि पुढल्या खेपेला तो शेवटी चालला. त्यानंतर या वाटेवर वाघाने एकही माणूस नेला नाही.

आजही वैशाखात घाटजाईची पालखी याच वाटेने वर जाते. शेवटचं माणूस कमरेला दोर बांधून पूर्ण खिंड उलटं चढतं. यंदा तो मान सुताराच्या सुनेचा होता. हसतमुख मुलगी, तालुक्याला बँकेत असते. माथ्यावर तिचा दोर सोडला तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते, आणि धुक्यावरची तिची नजर हलेना. या डोंगरात वाघ उरलेला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिला कुणी काही विचारलं नाही. शेवटच्याला काय दिसलं, ते आमच्यात विचारत नाहीत.