शेजारच्या घरची कणगी

फार फार वर्षांपूर्वी डोंगराआड एक राज्य होते. तिथल्या राजगणकाला दोन नाद होते, मोजण्याचा आणि वाचण्याचा. देशोदेशीच्या कथा, नाटके, प्रवासवर्णने, काही म्हणून तो सोडत नसे. प्रधान त्याला चिडवी, "गणकबुवा, आकडेमोडीला या राजकन्या कशाला लागतात?" गणक हसे आणि पान उलटी.

एका वर्षी पावसाने दगा दिला. त्यातच शेजारच्या राजाने लेकीच्या लग्नाच्या पंगतींसाठी धान्य मागितले. आपल्या प्रजेकडे पुरेसे असेल तर कोठारातले द्यावे, असे आपल्या राजाने ठरवले. रीतीप्रमाणे कारकुनांनी गावोगावी लोकांना चावडीवर जमवले आणि एकेकाला विचारले, "घरात धान्य आहे ना?" सगळे म्हणाले, "आहे." प्रधान खूश झाला. गाड्या भरायला सुरुवात झाली.

गणकाला काही चैन पडेना. तो राजाला म्हणाला, "महाराज, मी इतक्या कथा वाचल्या, पण गावातल्या एकाही घराला काही कमी नाही, अशी एकही सापडली नाही. चारचौघांत कोण सांगेल की आमची चूल थंड आहे? कोठार रिकामे झाले तर लेकरे उपाशी मरतील. गाड्या थांबवा."

राजाने गाड्या थांबवल्या. गणक गावोगाव निघाला. चावडी टाळून तो कुणाच्याही ओट्यावर बसे, पाणी मागे आणि विचारी, "शेजारी कसं काय चाललंय?"

"आमचं बरं आहे हो," एक म्हातारी म्हणाली, "पण पलीकडच्या सुनेची धान्याची कणगी पार खरवडून झाली. पोरांना नुसती पेज पाजते बिचारी. तिचं काहीतरी बघा."

पलीकडची सून म्हणाली, "आमचं भागतंय. पण त्या आजींकडे बघा ना. जेवले म्हणून सांगतात, पण चूल पेटलेली दिसत नाही."

घरोघरी हेच. गणकाचे डोळे भरून आले.

गणक दरबारात परतला आणि त्याने हे सांगितले, तेव्हा प्रधानाने नाक मुरडले, "ही तर ऐकीव माहिती. शास्त्रात अशी रीत नाही."

"नसेल," गणक म्हणाला. "शास्त्राची रीत चालते तिथे मीही तीच वापरतो. इथे ती फसली. कुणी थोडं जास्त सांगेल, कुणी कमी. गाड्या कुठे वळवायच्या एवढं कळलं तरी मला पुरे."

राजाने गाड्या गावांकडे वळवल्या. प्रत्येक घरी धान्य पोचले ते "तुमच्या शेजाऱ्यांनी आठवण काढली" एवढेच सांगून, त्यामुळे कुणाची मान खाली गेली नाही. त्या वर्षी राज्यात कुणी उपाशी झोपले नाही. शेजारच्या राजाच्या पंगती जरा आखूड झाल्या, एवढेच.

तात्पर्य: ज्याने पुस्तकांतून नाना तऱ्हांची माणसे ओळखली, त्याला माणसांचे आकडेही नीट वाचता येतात.