भानुदासशेठचा पैसा आणि शंभराची लेन्स

निमखेड नावाचं एक बाजाराचं गाव होतं, आणि तिथं भानुदासशेठ नावाचे एक कापडवाले राहत. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांना एकच नाद लागला होता, जुन्या नाण्यांचा. मिळेल तिथून नाणी आणायची आणि ओट्यावर बसून चिंच नि राख लावून लख्ख घासायची. घासलेलं नाणं उन्हात धरून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. माणूसही बिचारा 'वा, वा' म्हणून पुढं जाई.

गावात फार पूर्वी टांकसाळ होती, असं म्हातारी माणसं सांगायची. शेजारच्या गावचे लोक ते ऐकून हसायचे. शेठजींकडं तांब्याचा एक पैसा होता, गावातल्याच विहिरीच्या गाळात सापडलेला. त्याच्या काठाला काही अक्षरं होती. ती 'निमखेड' अशी निघाली, तर हसणाऱ्यांची तोंडं कायमची बंद होणार होती. पण अक्षरं इतकी पुसट, की चष्मा लावला, काढला, डोळे बारीक केले, तरी काही केल्या लागेनात. जेवतानासुद्धा शेठजींच्या डोक्यात तेच. काय बरं लिहिलं असेल?

कोणीतरी म्हणालं, मॅक्रो लेन्स घ्या, मुंगीचे पायसुद्धा दिसतात तिच्यातून. झालं, शेठजी तालुक्याला फिरोजच्या स्टुडिओत हजर. फिरोजनं दोन लेन्स पुढं ठेवल्या, एक साठ मिलिमीटरची आणि एक शंभराची. "आधी घरी वापरून बघा शेठजी, मग ठरवा," असं म्हणून त्यानं वापरायला कॅमेराही दिला.

साठची लेन्स होती सुटसुटीत. पण पैसा मोठा दिसावा म्हणून ती इतकी जवळ न्यावी लागे, की तिचीच सावली पैशावर पडे. शंभराची अर्धी वीत लांब राहूनही तेवढंच मोठं दाखवी, आणि मधल्या जागेतून खिडकीचा उजेड नीट आत शिरे. शेठजी खूश झाले. पण फोटो बघतात तर काय, अक्षरांच्या जागी नुसत्या केसासारख्या बारीक रेघा, गोल गोल फिरलेल्या.

"ओरखडे पडलेली लेन्स माझ्या गळ्यात मारतोस काय रे?" शेठजी फिरोजवर उखडले. त्यानं खोक्यातली कोरी शंभराचीच लेन्स काढून दिली. घरी येऊन बघतात, तर त्याच रेघा.

आता मात्र शेठजींचा राग गेला आणि कुतूहल जागं झालं. त्यांनी काच पुसली. पैसा ठेवलेला पाट दुसऱ्या खिडकीशी नेला. पंखा बंद केला. रेघा जाईनात. मग सहज म्हणून त्यांनी पैसाच जागच्या जागी अर्धा फिरवला. वर दाट दिसणाऱ्या रेघा खाली आल्या. शेठजी चमकले. रेघा काचेवर असत्या, तर जागच्या हलल्या नसत्या. त्यांनी दुसरं नाणं ठेवलं, मग तिसरं. सगळ्यांवर तसेच फेरे. त्यांचा अंगठा नकळत पाटावर गोल फिरू लागला, रोज नाणं घासताना फिरायचा तसाच. त्यांनी एकदा अंगठ्याकडं बघितलं आणि एकदा फोटोकडं. जी अक्षरं वाचायला ते लेन्स शोधत होते, ती त्यांनीच घासून घालवली होती.

आणि तेवढ्यात त्यांना सोनाबाई आठवल्या. पलीकडच्या गल्लीतल्या या बाईंकडं त्याच गाळातला दुसरा पैसा होता, काळाकुट्ट. शेठजी त्यांना कायम चिडवत, "वहिनी, हे नाणं आहे की तव्याचा तुकडा?" आणि आज सकाळीच त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं, की घासून आणा, मग तुमच्याही पैशाचा फोटो काढू. शेठजी अनवाणीच धावले.

सोनाबाई अंगणात बसल्या होत्या. भोवती शेजारच्या बायका, पुढ्यात वाटीत भिजलेली चिंच, हातात पैसा.

"वहिनी, थांबा. घासू नका."

"का हो? तुम्हीच तर सांगितलंत."

'द्या इकडं, मीच घासतो' एवढं म्हणून पैसा नेला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. ते शब्द शेठजींच्या ओठांपर्यंत आलेही होते. सगळ्या बायका बघत होत्या. इतकी वर्षं ज्यांच्यापुढं नाणी मिरवली, त्यांच्याचपुढं आता बोलायचं होतं.

"सांगितलं ते चुकलं माझं," शेठजी म्हणाले. "घासून घासून मी माझी सगळी नाणी खराब केली. जे वाचायचं होतं, तेच पुसून बसलो. तुमचा तरी राहू द्या."

सोनाबाईंनी चिंचेची वाटी बाजूला सारली. "म्हणजे माझा काळाच बरा होता म्हणायचा."

"बरा होता, वहिनी."

त्यांनी पदराला हात पुसले आणि पैसा शेठजींच्या तळहातावर ठेवला.

शंभराच्या लेन्सखाली, खिडकीच्या तिरक्या उजेडात, त्या काळ्या पैशावर एकेक अक्षर वर आलं. नि. म. खे. ड. शेठजींनी ते मोठ्यानं वाचलं.

तो फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. शेजारी शेठजींनी आपल्या पैशाचाही फोटो स्वतःच्या हातानं लावला. बघायला येणारे विचारत, "शेठजी, यातला तुमचा कोणता?"

शेठजी सांगत, "ज्याच्यावर काही वाचता येत नाही, तो माझा."

तात्पर्य: हवं ते दिसेनासं झालं, की भिंग बदलण्याआधी आपले हात तपासावेत, आणि चूक आपली निघाली, तर दुसऱ्याच्या हातून तीच घडण्याआधी ती सांगून टाकावी.